खांद्याला तीन महिने दे

धरमपेठ, नागपूर
१२ मे

प्रिय चिऊ,

तुझा रिपोर्ट दादानं काल पाठवला. 'इम्पिंजमेंट' हा शब्द वाचल्यापासून तू नीट झोपली नाहीस, असं वहिनी सांगत होती. हाड घासतंय, आता ऑपरेशन, बॅडमिंटन संपलं, इतकं सगळं तू त्या एका शब्दातून काढलंस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सावकाश लिहिते आहे.

खांद्याच्या टोकाशी फऱ्याच्या हाडाचं एक छोटं छप्पर असतं. त्याच्या खालून एक कंडरा जाते. दंडाच्या हाडाचा गोळा उथळ खोबणीत मधोमध धरून ठेवणारे चार स्नायू आहेत, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. ही त्यांच्यापैकीच एकाची कंडरा. हात वर करताना ती छपराला घासते, हेच ते इम्पिंजमेंट, म्हणून छपराची खालची बाजू तासावी, असं चार्ल्स नीर या अमेरिकी सर्जननं १९७२ साली मांडलं. समजायला इतकं सोपं होतं की सगळ्यांना पटलं. आम्हालाही मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपी शाळेत तेच शिकवलं आणि मीही वर्षानुवर्षं रुग्णांना 'तुमचं हाड घासतंय' असं सांगत राहिले. त्या वाक्यानं किती जणांनी भीतीपोटी हात वर करणंच सोडलं असेल, याचं मला आज वाईट वाटतं.

कारण पुढे ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर हे तपासून पाहिलं गेलं. काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले सारखेच बरे झाले होते, आणि काहीच न केलेल्यांच्या ते फारसे पुढे नव्हते. छप्पर तासल्यानं काही बदलत नसेल, तर दुखण्याचं मूळ छपरात कसं असेल?

ते कुठे असतं, हे मला पुस्तकापेक्षा नागपूरच्या उन्हाळ्यानं जास्त शिकवलं. एप्रिल सरत आला की आमच्याकडे खांदे धरलेले लोक वाढायचे. एकदा काटोलकडचा संत्र्याच्या बागेतला एक माणूस आला. "हात वर केला का जीव जाते बाई," म्हणाला. संत्री तोडायचे दिवस तर कधीच सरले होते. खोदून विचारलं तेव्हा कळलं, घरात नवा कूलर आला होता. रोज संध्याकाळी सहा-सात बादल्या छातीच्या वर उचलून तो त्यात ओतायचा. तोडणी संपल्यापासून खांदा रिकामा बसला होता आणि एका आठवड्यात त्याच्यावर हे ओझं आलं. तुझंही तेच झालंय, बघ. परीक्षेचे दोन महिने रॅकेट कपाटात होती आणि मग स्पर्धेसाठी रोज तीन-तीन तास स्मॅश. कंडरेला जेवढं पेलतं त्याच्यापेक्षा जास्त तिच्याकडून एकदम मागितलं गेलं.

म्हणून नुसता आराम पुरत नाही. पहिले काही दिवस स्मॅश बंद ठेव, हे बरोबर. पण महिनाभर हात गळ्यात बांधून बसलीस तर कंडरा आणखी दुबळी होईल आणि पुन्हा कोर्टवर गेल्यावर तिथेच दुखेल. शेक आणि मशीन देऊन मी घरी पाठवलेले कितीतरी लोक पुढच्या उन्हाळ्यात परत आलेले मी पाहिलेत.

आता काम. जुनी सायकलची ट्यूब घे आणि खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांध. दुखरा खांदा खिडकीपासून लांबच्या बाजूला राहील अशी आडवी उभी राहा. कोपर काटकोनात वाकव, बरगड्यांना चिकटव आणि मध्ये टॉवेलची गुंडाळी धर. ती गुंडाळी पडली की समजायचं, कोपर सुटलं. ट्यूब धरलेला हात पोटापासून बाहेरच्या बाजूला ने, मनगट वळू देऊ नकोस. नेताना एक मोज, परत आणताना एक, दोन, तीन, चार. ट्यूब तुला ओढत असते आणि तू तिला हळूहळू सोडत असतेस, त्या सोडण्यातच कंडरेचा खरा व्यायाम आहे. सगळे नेमके तिथेच घाई करतात. पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या. मग भिंतीवर तळवे टेकून, कोपर न वाकवता पाठ मागे ढकल, म्हणजे फरे बाजूला सरकतील. फरा नीट फिरला नाही तर हात वर जाताना सगळा भार त्या चार लहान स्नायूंवर येतो.

दुखेल, घाबरू नकोस. दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालतं, फक्त पुढच्या वेळेपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर ट्यूब सैल कर, व्यायाम सोडू नकोस. हा नियम स्वीडनमधल्या एका अभ्यासात वापरला होता, २०१२ साली तो छापून आला. त्यातले रुग्ण ऑपरेशनच्या रांगेत उभे होते. सुरुवातीला एक इंजेक्शन सगळ्यांनाच दिलं. मग काहींनी असे नेमके व्यायाम केले, आठ आठवडे दिवसातून दोनदा आणि पुढचे चार आठवडे एकदा. बाकीच्यांनी मान-खांद्याच्या साध्या हालचाली केल्या. शेवटी साध्या हालचालीवाल्यांपैकी ६३ टक्क्यांनी ऑपरेशन मागितलं. नेमके व्यायाम करणाऱ्यांपैकी २० टक्क्यांनी.

बारा आठवडे, चिऊ. तिसऱ्या आठवड्यात तुला वाटेल, काही फरक नाही. मोठमोठे धट्टेकट्टे लोक तिथेच सोडून गेलेले मला माहीत आहेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या जुन्या संस्थांत मुद्गल फिरवायला शिकवत आले आहेत, आणि खांद्यासाठी मुद्गलासारखं दुसरं काही नाही. तोही मी तुला देईन, पण तीन महिन्यांनी. तुझ्या वाट्याला आत्ता ट्यूबच.

तुझा हात दुसऱ्या कुणी उचलला तरी वर जात नसेल, तर ते वेगळं दुखणं, त्याला गोठलेला खांदा म्हणतात. पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, किंवा मुंग्या येऊन पकड सैल झाली, तर मला विचारत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. तुझ्या रिपोर्टात आणि तू सांगितलंस त्यात असं काही नाही. हात खांद्याच्या उंचीला आला की दुखतो आणि कानाशी गेला की दुखायचा थांबतो, हे नेहमीचंच आहे. त्या कुशीवर झोपू नकोस, हाताखाली उशी घे.

दादाला सांगितलंय, कूलर पाइपनं भर, बादली उचलू नकोस. तू आज ट्यूब बांध आणि गाठीचा फोटो पाठव. ती कोपराच्या उंचीवर आली आहे का, ते मला बघायचंय.

तुझी आत्या