हुर्यो कुणाची?

भाची : तिकिटाचे पैसे मोजले, रांग लावली. मग टाळीच वाजवायची, हुर्यो उडवायची नाही, हा कुठला न्याय, मामा? 1 एप्रिल 2024 ला वानखेडेवर हार्दिक पंड्या नाणेफेकीला आला आणि आम्ही ओरडलो. रोहित शर्माला बाजूला करून त्याला मुंबई इंडियन्सचा कप्तान केलं होतं. राग होता आमचा.

मामा : राग खरा होता. पण रोहितला काढलं कुणी?

भाची : संघाच्या व्यवस्थापनानं.

मामा : आणि बोलणी कुणी खाल्ली? नाणेफेकीला समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं, नीट वागा. पुढे खुद्द रोहितनंच हातानं खुणावून तुम्हाला थांबवलं. ज्याच्यासाठी भांडत होतात, त्यालाच ते नको होतं.

भाची : व्यवस्थापन आम्हाला दिसतं कुठे? जो समोर असतो त्याच्यापर्यंतच आवाज पोचतो. आणि नापसंतीची मुभाच नसेल तर टाळीला किंमत काय? 2006 मध्ये इंग्लंडविरुद्ध सचिन एका धावेवर बाद झाला, तेव्हा वानखेडेनं त्याचीही हुर्यो उडवली. 2013 मध्ये त्याला निरोप देताना तेच वानखेडे रडलं. दोन्ही जिव्हाळ्यातूनच आलं ना?

मामा : 2007 मध्ये याच मैदानावर अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून हिणवलं. ते करणारेही तिकीट काढूनच आले होते. तेव्हा तिकिटाचं मला सांगू नकोस.

भाची : त्याचं समर्थन कोण करेल? पण त्या धास्तीनं सगळ्यांनीच गप्प बसायचं? 20 नोव्हेंबर 1955 ला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली, हे तूच अभिमानानं सांगतोस.

मामा : सांगतो. मोरारजी मुख्यमंत्री होते. ध्वनिक्षेपक त्यांचा, पोलीस त्यांचे. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणणारेच व्यासपीठावर होते, त्यामुळे आवाज योग्य माणसाच्या कानांवर पडत होता. दुसऱ्या दिवशी गोळीबारात 15 जण गेले. त्या लोकांकडे गळ्याखेरीज होतं काय? तरी एक गोष्ट मला आजही टोचते. बोलणाऱ्याला बोलूच द्यायचं नाही ही सवय एकदा लागली, की ती सत्तेपुरती राहत नाही. पुढे ती एकट्यादुकट्या लेखकाच्या व्याख्यानावरही चालून जाते. आपल्याकडे गेलीच आहे.

भाची : मग घरच्या संघावरचा राग दाखवायचा तरी कसा?

मामा : टाळी न वाजवणंही खेळाडूला कळतं. आणि वाजवायची कुणासाठी, हेही आपल्या हातात असतं. 1999 मध्ये चेपॉकवर सचिननं 136 केल्या, तरी भारत 12 धावांनी हरला. सगळं मैदान उभं राहिलं ते पाकिस्तानच्या संघासाठी. त्या लोकांना दुःख कमी झालं होतं का?

भाची : पण हार्दिकचं आता मिटलंय. 2024 च्याच 29 जूनला बार्बाडोसच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात 16 धावा हव्या असताना त्यानं गोलंदाजी करून विश्वचषक जिंकून दिला. 4 जुलैला वानखेडेनं त्याच्याच नावाचा गजर केला.

मामा : त्या षटकात सीमारेषेवर मिलरचा झेल सूर्यकुमारच्या हातून सुटला असता तर?

भाची : ...पुन्हा ओरडलो असतो.

मामा : मग मिटलं कसं म्हणतेस? त्या पोरानं जिंकून स्वतःची सुटका करून घेतली, तुम्ही त्याला काही दिलं नाहीत. राग व्यवस्थापनावर आहे ना? पुढच्या हंगामाचं तिकीट काढू नकोस. तेवढं त्यांना नक्की ऐकू जाईल.