कुणासाठी पाहिजे?

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात, यंत्रमागांच्या एका गल्लीत, एक काकी राहत. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली माणसं त्या गावात घरोघर आहेत. काकींचा धाकटा मुलगाही असाच कोइमतूरला होता. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, म्हणून थोरल्या सुनेचा आजार उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही असा काकींचा दंडक होता. कुणी विचारलंच तर "वाताचा त्रास हाय" एवढंच सांगायचं.

आजार वाताचा नव्हता, ल्युपस होता. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडते. दहांतले नऊ रुग्ण बायका असतात, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जातही नाही, पण औषधांनी आवरून धरता येतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सुनेला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि थोडंसं स्टेरॉइड रोजचं लावून दिलं होतं. त्या बळावर ती स्वयंपाक करी, मागाच्या कांड्या भरी. उन्हात गेली की गालांवर लाल चट्टे उठत, म्हणून ती ऊन टाळी. गल्लीतल्या बायका म्हणत, नखरेल आहे. ती ऐकून घेई.

काकी दुष्ट नव्हत्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं ठरलेलं लग्न अंगावरच्या एका पांढऱ्या डागावरून मोडलं होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे बाईचा आजार हा साऱ्या घराचा कमीपणा ठरतो आणि त्याची किंमत त्या बाईलाच मोजावी लागते. काकींनी आपल्या परीने घर राखलं होतं.

मार्च २०२० उजाडला. जनता कर्फ्यूच्या सुमाराला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि लागण झालेल्यांच्या घरच्या माणसांना प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुचवली. अमेरिकेचे अध्यक्षही तिचे गोडवे गात होते. मोबाइलवरून गल्लीत पोचेपर्यंत या बातमीचं एवढंच उरलं की ही गोळी घेतली की कोरोना होत नाही. औषध दुकानासमोर रांग लागली. कुणी दोन पाकिटं नेली, कुणी पाच. चिठ्ठी कुणाकडेच नव्हती. २६ मार्चला सरकारने या गोळीच्या विक्रीवर कडक बंधनं आणली. डॉक्टरांची चिठ्ठी बघून, नोंदवहीत लिहूनच ती द्यायची. तोवर दुकानातला खण रिकामा झाला होता.

एसटी बंद होती. सुनेने उरलेल्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली आणि घरात कुणाला सांगितलं नाही. या औषधाचा अंश शरीरात बरेच दिवस टिकतो, त्यामुळे आधी काही जाणवलं नाही. एप्रिल सरता सरता मात्र सकाळी बोटं मिटेनात. मग पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला.

त्याच आठवड्यात आशाताई सर्वेक्षणाला आल्या. दारात लांब उभ्या राहून त्यांनी विचारलं, "घरात कुणाला बीपी, शुगर, दुसरं काही मोठं दुखणं?"

"न्हाई बाई, कुणाला काय न्हाई," काकी म्हणाल्या.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. काकी आत गेल्या. सून ओट्याला टेकून उभी होती. तिच्या हातात पातेलं ठरत नव्हतं. "आत्या," ती म्हणाली, "गोळ्या संपल्यात. परवाच संपल्या."

नवऱ्याने मिरजेला फोन लावला. फोनवरून सल्ला द्यायची परवानगी मिळाली होती, ते बरं झालं. डॉक्टरांनी सुजलेल्या पायांचे फोटो मागवले, लघवी गावातच तपासायला सांगितली, स्टेरॉइड एकदम बंद करू नका असं बजावलं आणि चिठ्ठी मोबाइलवर पाठवली. लघवीतून प्रथिनं जात होती. मूत्रपिंडाला धक्का लागायला लागला होता.

चिठ्ठी घेऊन काकी स्वतः दुकानात गेल्या. दुकानदाराने ती वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. "काकी, माल वरूनच येत नाही. होता तो त्या दोन दिवसांत मी विकून बसलो."

"कुणाला दिल्यास?"

"आपल्याच गल्लीत. फोन करून बघतो, न उघडलेली पाकिटं परत द्या म्हणतो. पण पहिला प्रश्न येणार, कुणासाठी पाहिजे?"

काकी बराच वेळ काउंटरला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सुनेसाठी. आजाराचं नाव त्या कागदावर हाय, तेच सांग. ती गोळी तिला रोज लागती."

संध्याकाळपर्यंत आठ पाकिटं जमली. निवृत्त मास्तरांनी त्यांच्याकडची सगळी आणून दिली आणि पैसे परत घेतले नाहीत. एका घराने "आमचंही जग आहे" म्हणून नकार दिला. दुसऱ्या एकाने पाकीट दिलं, पण त्या दिवसापासून आपल्या मुलांना काकींच्या ओसरीवर जाऊ दिलं नाही. आशाताईंनी तीन वेळा जाऊन समजावलं तेव्हा कुठे भीती गेली. धाकट्याच्या स्थळाकडून निरोप आला, सध्या थांबू. काकींनी कळवलं, थांबा. त्यांना वाईट वाटलंच, पण त्या सुनेला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आशाताईंना मात्र परत बोलावून वहीत नोंद करायला लावली.

मे महिनाभर मिरजेच्या डॉक्टरांनी फोनवरूनच औषधं कमी-जास्त केली. सूज ओसरली, लघवी हळूहळू निवळली. जूनमध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निष्कर्ष आला की दवाखान्यात भरती असलेल्या कोविड रुग्णांना या गोळीचा फायदा होत नाही. ते कळल्यावर, आधी नकार दिलेल्या घरातली बाई आपणहून दोन पाकिटं घेऊन आली. सुनेने ती घेतली आणि तिला चहा दिला.

पावसाळ्यात एक दिवस मागच्या गल्लीतली एक बाई काकींना गाठून हळू आवाजात बोलू लागली. तिच्या लेकीची बोटं गार पाण्यात पांढरी पडत, मग निळी. कातडी ताठरत चालली होती. घरात थंडी बाधते म्हणून सोडून दिलं होतं.

"मिरजेचा नंबर लिवून घ्या," काकी म्हणाल्या. "आदी फोनवर सगळं सांगा, ते म्हणतील त्या दिवशी जाऊ. मी येतो संगं. जुनं कागद असतील तेवढं घ्या, आणि तवर पोरीला गार पाण्यात भांडी घासायला लावू नका."