घडीचे कर्तृत्व

कागदाला घड्या घालून केलेल्या आकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा वाटतो. वस्तुतः तो सौंदर्यशास्त्राचा आहे, आणि काही अंशी नीतीचाही. शिल्पकार दगड काढून टाकतो, कुंभार माती चढवतो. ओरिगामीत मात्र चौकोनी कागद शेवटपर्यंत तेवढाच राहतो. बदलतो तो त्याच्या भागांचा परस्परसंबंध. मर्ढेकरांनी सौंदर्य संवेदनांच्या लयबद्ध संबंधांत शोधले. त्या भूमिकेला याहून निखळ उदाहरण मिळणे कठीण. मग येथे निर्मिती होते ती नेमकी कशाची? वस्तूची म्हणावी, तर कागद उलगडताच पक्षी नाहीसा होतो. मागे उरतात त्या केवळ मोडाच्या रेघा.

विसाव्या शतकात महत्त्व आले ते या रेघांनाच. अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तुटक रेघा व बाण यांची चिन्हपद्धती वापरली. सॅम्युएल रँडलेट आणि रॉबर्ट हार्बिन यांनी पुढे ती रुळवली. डोंगरघडी कोणती आणि दरीघडी कोणती, हे आता जपानी न येणाऱ्यालाही कळू लागले. पाठोपाठ गणित आले. सपाट मिटणाऱ्या आकृतीत आतल्या कोणत्याही बिंदूपाशी मिळणाऱ्या डोंगरघड्या आणि दरीघड्या यांच्या संख्येत दोनचाच फरक असतो. कंपास-पट्टीला न जमणारे कोनाचे त्रिभाजन घडीला जमते. (घडीतून भूमिती शिकण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. टी. सुंदरराव यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक मद्रासहून १८९३ साली निघाले, आणि त्याची प्रेरणा फ्रोबेलच्या बालोद्यानातील घड्यांच्या साहित्यातून आली होती.)

नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली कलांमध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडतो. चित्राची नक्कल बनावट ठरते. संगीतरचनेचा दुसरा प्रयोग बनावट ठरत नाही, कारण रचना स्वरलेखनात निश्चित झालेली असते. चिन्हपद्धती आल्यावर ओरिगामी पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात गेली. रचनाकार वेगळा आणि घडी घालणारा वेगळा, अशी फाळणी शक्य झाली, आणि तिच्याबरोबर स्वामित्वही आले. रॉबर्ट लँग आणि इतर काही रचनाकारांनी सारा मॉरिस या चित्रकर्तीवर २०११ साली अमेरिकेत दावा लावला. त्यांच्या घडीरेखांचे आराखडे तिने न विचारता आपल्या चित्रांसाठी वापरले, ही तक्रार होती. २०१३ मध्ये तो तडजोडीने मिटला. तक्रार कागदाच्या पक्ष्याची नव्हती, रेघांच्या संहितेची होती, हे लक्षणीय आहे.

मराठी वाचकांपैकी अनेकांना ओरिगामी परिचित झाली ती अनिल अवचट (१९४४–२०२२) यांच्यामुळे. त्यांच्यापाशी ती छंद होती. केलेली वस्तू समोरच्या मुलाच्या हातात देऊन टाकायची असे. ही वृत्ती स्वामित्वाच्या वादापासून फार दूरची आहे. तरीही अवचटांचे नाव या कलेशी जोडले गेले, कारण त्यांनी तिच्याविषयी लिहिले.

ज्या घडीला लेखनच नाही, तिचे काय? १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासींचा आहे. सातपुड्याच्या या पट्ट्यात पळस मुबलक, आणि पळसाच्या पानांचे द्रोण-पत्रावळी करणे हे भारतात अन्यत्र आहे तसे येथलेही जुने काम. पळसाला पाने तीनच, पण ती तिन्ही सारखी नसतात: मधले समतोल, बाजूची दोन तिरकी. पान वाळले तर तडकते. शिरेच्या विरुद्ध मुरडले तर फाटते. कडा कोठे उचलायची आणि काडी कोठे टोचायची, हे हाताला प्रत्येक पानाशी नव्याने ठरवावे लागते.

द्रोण ओरिगामी नव्हे, कारण त्यात काडी आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु ‘कापणे नाही, चिकटवणे नाही’ हा दंडक परंपरेइतका जुना नाही. १७९७ सालच्या एका जपानी पुस्तकात जोडलेल्या क्रौंचांच्या माळा आहेत, आणि त्यांसाठी कागदाला चिरा द्याव्याच लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: द्रोणात प्रयोजन आहे, तो पुनरावृत्तीचा व्यवहार आहे. रा. भा. पाटणकरांच्या परिभाषेत अलौकिकतावादी त्याला कलेच्या उंबरठ्यावरच थांबवील. पण कागदी क्रौंच हजारदा करणाराही पुनरावृत्तीच करतो. खरा भेद द्रव्यात आहे. प्रत्येक कोरा चौकोन दुसऱ्यासारखा असतो, म्हणूनच घडी लिहिता येते; लिहिता येते म्हणून तिला नाव लागते. पान पानासारखे नसते. द्रोणाची घडी अलिखित राहिली याचे कारण कल्पकतेचा अभाव हे नाही. तिच्यातील कल्पकता प्रत्येक पानाच्या वेगळेपणाला उत्तर देण्यात खर्च होते, आणि चिन्हपद्धतीला नेमके तेच टिपता येत नाही.

यावरून द्रोण करणारीला कलावंत म्हणून गौरवावे, असे निष्पन्न होत नाही. शेकड्याच्या भावाने माल देणाऱ्या बाईला त्या गौरवापेक्षा भाव महत्त्वाचा वाटला, तर त्यात नवल नाही. कित्येकदा असा गौरव भाव न वाढवण्याची सोयच असतो. प्रश्न अभ्यासकांच्या सवयीचा आहे. लोकगीतांच्या कितीतरी मराठी संग्रहांवर संकलकाचे नाव मुखपृष्ठावर असते आणि गाणारणीचे, असलेच तर, प्रस्तावनेत. तेथेही बदलती गीते एका पाठात स्थिरावतात आणि स्थिर करणारा नाव मिळवतो. द्रोणाची आकृती योशिझावांच्या चिन्हांत काढायला कोणी बसला, तर त्याला पहिल्याच पायरीला एक आदर्श पान कल्पावे लागेल, कोणत्याही फांदीवर न सापडणारे; आणि त्या आकृतीखाली सही असेल ती काढणाऱ्याची.