सांगणारा कुठे उभा आहे

कथात्म साहित्याचे घटक म्हटले की कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, निवेदन ही नामावळी ओठांवर येते. उत्तरपत्रिकांतून आपण ती इतक्या वेळा लिहिलेली असते की हे घटक खरोखरच एकमेकांपासून सुटे होतात, असा विश्वास नकळत मनात रुजून बसतो. दशरूपककार धनंजयाने रूपकांचे भेद ठरवताना वस्तू, नेता आणि रस या तिघांवरच भिस्त ठेवली. या त्रयीत सांगणाऱ्याला जागा नाही, आणि असण्याचे कारणही नाही, कारण रंगभूमीवर घटना आपल्या डोळ्यांदेखत घडते. कथेत मात्र ती घडून गेलेली असते आणि कुणीतरी ती पुन्हा उचलून आपल्यापर्यंत आणत असते. हा ‘कुणीतरी’ बोलू लागला की घडण्याचा आणि सांगण्याचा असे काळाचे दोन प्रवाह वाहू लागतात, आणि मला वाटते, कथेची खरी वस्ती त्या दोहोंमधल्या अंतरातच असते.

सांगणाऱ्याविषयीचा वाद आपल्याकडे फार जुना आहे. आख्यायिकेत नायक आपले वृत्त स्वतः सांगतो आणि कथेत ते इतरांकडून सांगितले जाते, असा भेद भामहाने केला. सांगणारा कोण, यावरून साहित्याची जात ठरत नाही, असे म्हणून दंडीने तो मोडीत काढला. वर्गीकरणापुरता दंडी बरोबर असेल. वाचक म्हणून माझे मन मात्र भामहाकडे झुकते, आणि तसे झुकताना मला यमू आठवते.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. संमतिवयाच्या वादाने तेव्हा महाराष्ट्र ढवळून निघाला होता. बालविवाह, सासुरवास, वैधव्य, केशवपन हे विषय सभांतून आणि वृत्तपत्रांतून रोज चघळले जात होते. म्हणजे कथानक वाचकाला आधीच ठाऊक होते, पात्रेही त्याच्याच घरातली होती. नवी होती ती यमू, स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगणारी. सांगणाऱ्या यमूला पुढचे सारे माहीत आहे. जिच्याविषयी ती सांगते, त्या परकऱ्या पोरीला मात्र कशाचीच कल्पना नाही. त्या पोरीच्या लहानसहान आनंदांविषयी वाचताना आपण दोघींच्या मध्ये उभे असतो, एकीचे हसू आणि दुसरीचे ज्ञान एकाच वेळी सोसत. त्रयस्थ निवेदकाने हेच सांगितले असते तर कदाचित करुणा उपजली असती, पण हा अवघडलेपणा, हे साक्षी असूनही हात बांधलेले असणे, आपल्या वाट्याला आले नसते. एका पुरुषाने हा आवाज इतका आतून ऐकला, याचे मला आजही नवल वाटते.

माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) हेच अंतर काळाऐवजी जागेचे होते. औंध संस्थानातल्या मूठभर उंबऱ्यांच्या धनगरवस्तीत आलेला तरुण मास्तर गावातलाही नाही आणि पुरता बाहेरचाही नाही. शेकूला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको जोडीच्या जागी स्वतःला जुंपून घेते. त्या बाईला विचारले असते तर तिने ही गोष्ट सांगण्याजोगी मानली असती, असे मला वाटत नाही; पेरणी खोळंबते आहे, एवढेच ती म्हणाली असती. मास्तर पाहतो म्हणून ते दृश्य होते, आणि तो फार बोलत नाही म्हणून ते दृश्यच राहते, त्याची तक्रार होत नाही. पाठ्यपुस्तक ज्याला वातावरण म्हणते ते माणदेशाचे कोरडे रान इथे पार्श्वभूमी म्हणून मागे थांबत नाही; पाऊस येत नाही आणि वाडी उठते, एवढेच शेवटी कथानक उरते. भूमीने कथानक होणे हा मला घटकांच्या नामावळीचा सर्वांत सुंदर पराभव वाटतो.

कथेतून काय काय काढून टाकता येईल, याचा विचार करू लागलो की मी ‘कोसला’पाशी येऊन थांबतो. 1963 साली आलेल्या या कादंबरीत खानदेशातल्या सांगवीचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, परीक्षांत घसरतो आणि गावी परततो. कथानक म्हणावे असे फारसे काही नाही. पण आवाज काढून टाकला तर पानभरही हाती लागणार नाही. पांडुरंग सांगवीकर अवघा पंचविशीचा. मागे वळून पाहायला लागते तेवढी वाटचाल त्याच्यापाशी झालेलीच नाही. यमूला जे अंतर आयुष्याने दिले ते त्याला बोलण्यातूनच उभे करावे लागते: कधी स्वतःकडे परक्यासारखे पाहत, कधी रोजनिशीतल्या त्रोटक नोंदी पुढे करत, कधी सारेच उडवून लावत. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी ही सगळी उडवाउडवी संपते. तिथे सांगणाऱ्याला मागे सरकायला जागाच उरत नाही. घडणे आणि सांगणे एकमेकांवर येऊन आदळतात, आणि इतका वेळ त्याच्या थट्टेत सामील झालेले आपण त्या शोकात विनातयारी सापडतो.