पायाच्या खाली

अवसरी बुद्रुकसारख्या गावात 'पाया' हा शब्द एकाच सकाळी तीन तोंडांतून ऐकू येतो. गवंडी म्हणतो, पाया खडकाला टेकू द्या, मग जोतं उचलू. शाळेत गुरुजी पालकांना सांगतात, पोराचा गणिताचा पाया कच्चा राहिलाय. आणि बियाण्याच्या दुकानात शेतकरी विचारतो, पायाभूत आहे की प्रमाणित?

तिघांची काळजी एकच. वरचं मोडलं तर नीट करता येतं, खालचं पुन्हा उघडता येत नाही.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणायचं, हे गवंडी अनुभवानं जाणतो. शेजारच्या अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली स्थापत्याची मुलं हेच मातीच्या चाचण्या करून शिकतात. पण आपण खणला तेवढाच पाया असतो का? आपल्याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. घरांची जोती कितीही पक्की असती तरी काय उपयोग होता? ज्या उताराच्या भरवशावर गाव उभं होतं, तो उतारच पावसानं सुटला. पुढे आमडे इथं नवं माळीण वसवलं, तर २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले. नवा भराव मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायला आपण तयार नसतो.

पायाच्या खाली काय आहे, हा प्रश्न मला बियाण्याच्या कामात सगळ्यात नीट विचारलेला दिसतो. संशोधन केंद्रात वाण तयार होतो. कांद्याचं असं राष्ट्रीय केंद्र आपल्या जवळच, राजगुरुनगरला आहे. भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण तिथलेच. शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली थोडंसं पैदासकार बियाणं होतं, त्याला पिवळा टॅग. त्यापासून पायाभूत, त्याला पांढरा. पायाभूतापासून प्रमाणित, त्याला निळा, आणि बहुतेकदा तेच आपल्या हाती येतं. म्हणजे इथं पायालाही पाया आहे आणि प्रत्येक पायरीला वेगळा रंग आहे.

कांद्याचं बी तर फार सोशिक माणसाचं काम. एका हंगामात कांदा घ्यायचा, त्यातले जोडकांदे, जाड मानेचे, रंग उतरलेले बाजूला काढायचे. निवडलेले पुन्हा लावायचे, तेव्हा कुठं डेंगळ्यांवर गोंडे फुलतात. त्यांवर मधमाश्या येतात, आणि त्या बांध ओळखत नाहीत. जवळच्या रानात दुसरा वाण फुलला असेल तर भेसळ ठरलेली. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत ५०० मीटर अंतर सोडतात आणि पायाभूतासाठी १००० मीटर. जे जितकं तळाशी, त्याची राखण तितकी कडक. हा नियम ज्यांनी ठरवला, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

घरचं बी धरणारी आपल्याकडची जुनी माणसं हीच निवड नजरेनं करत आली. बराखीतला सगळ्यात चांगला कांदा त्यांनी बाजारात नेला नाही, बियाण्यासाठी ठेवला. त्या कांद्याचे पैसे त्या वर्षी मिळाले नाहीत. गरजेच्या घरात तो सोपा निर्णय नव्हता.

मंडळी, यंदा रब्बी कांद्याची रोपं टाकाल, तेव्हा दुकानातून पक्की पावती मागून घ्या. पिशवीवरचा टॅग फाडून फेकू नका. पावती, टॅग आणि मूठभर बी, पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली किंवा भेसळ निघाली, तर तक्रारीला तेवढाच आधार असतो.