उपयोग नसलेलं माणूस

आमच्या ऑफिसात वर्षाअखेरीस प्रत्येकाला एक ते पाचपैकी एक आकडा मिळतो. यंदा मला तीन मिळाला आणि पुढचे दोन दिवस मी स्वतःला ‘तीन’च वाटत होतो. त्याच आठवड्यात मी एमान्युएल मूनिए वाचत होतो.

मूनिए हा १९०५ साली ग्रनोबलमध्ये जन्मलेला फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ. १९२८ साली तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत तो दुसरा आला; पहिला होता रेमों आरों. पुढचा रस्ता सरळ होता. तरी मूनिएने १९३२ मध्ये ‘एस्प्री’ नावाचं मासिक काढलं. भांडवलशाही माणसाला पैशात मोजते आणि फॅसिझम त्याला राष्ट्राच्या यंत्राचा खिळा करतो, म्हणून त्याचा दोन्हींना विरोध होता. व्हिशी राजवटीत त्याने सुरुवातीला मासिक चालू ठेवलं, याबद्दल त्याच्यावर टीका होते. पण १९४१ मध्ये त्याच राजवटीने मासिकावर बंदी आणली आणि १९४२ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं. तिथे त्याने उपोषण केलं.

त्याच्या विचाराचा गाभा १९३६ च्या जाहीरनाम्यात आहे. तो दोन गोष्टी वेगळ्या करतो. मराठीत आपण दोन्हींना ‘व्यक्ती’च म्हणतो, म्हणून मी ‘सुटा जीव’ आणि ‘माणूस’ म्हणतो. सुटा जीव स्वतःभोवती कुंपण घालून जमवत बसतो. माणूस दुसऱ्यासाठी उघडा असतो आणि त्याला कशाचंही साधन करता येत नाही.

कागदावर हे छान आहे. पण १९३८ मध्ये त्याला मुलगी झाली, फ्रान्स्वाज. तान्हेपणीच तिच्या मेंदूला सूज आली आणि त्यातून ती सावरली नाही. जाहीरनाम्यातलं वाक्य आता घरात पाळण्यात होतं. ती बोलणार नव्हती, काही कमावणार नव्हती. मग ती माणूस आहे का? मूनिएच्या पत्रांतून दिसतं की तिच्या खाटेपाशी तो वेदीपाशी जावं तसा जायचा.

इथे मी अडखळतो. दुःखात अर्थ बापाने शोधायचा आणि ते भोगायचं मुलीने, हे मला पटत नाही. शिवाय मी देव मानत नाही. मग फ्रान्स्वाजची किंमत मी कशावर उभी करू?

एवढंच सुचतं की किंमत मोजून शेवटी हाती येत नाही, ती आधी धरून चालावी लागते. याला माझ्याकडे पुरावा नाही. पण पुरावा मागायला लागलो की पहिली फ्रान्स्वाज बाद होते, मग म्हातारे, मग आजारी, आणि एखाद्या वाईट वर्षी मीही.

१९५० मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी मूनिए हृदयविकाराने गेला. मुलगी मागे राहिली.

पुढच्या वर्षी मला दोन ज्युनिअरना आकडे द्यायचे आहेत. त्यांच्या कामाला मी आकडा देईन. तो त्यांचा नाही, हे समोर बसून सांगायला मात्र विसरता कामा नये.