जिभेवरचा कागद आणि आप्ताचा शब्द

‘ग्रंथ सांगतात म्हणून मानू नका, स्वतः अनुभव घ्या’ हा सायकेडेलिक रसायनांच्या बाजूने केला जाणारा सर्वांत मोहक युक्तिवाद. अल्डस हक्सली यांनी १९५४ मध्ये मेस्कलिनच्या अनुभवावर ‘द डोअर्स ऑफ पर्सेप्शन’ लिहिले, तेव्हापासून तो निरनिराळ्या रूपांत ऐकू येतो, आणि प्रचीतीवाचूनचे बोलणे पोकळ मानणाऱ्या मराठी मनाला तो चटकन पटतो. आपल्या दर्शनांच्या भाषेत हे शब्दप्रमाण सोडून प्रत्यक्ष धरण्याचे आवाहन आहे. प्रयोगशाळेत नव्याने घडवलेल्या आणि बाजारात भलत्याच नावाने फिरणाऱ्या द्रव्यांच्या बाबतीत ते मुळातच फसवे आहे, असे माझे म्हणणे आहे. तिथे प्रत्यक्षाच्या आधी एक शब्द उभा असतो, आणि तो कोणाचा, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते.

रसायनातून आलेला अनुभव खोटाच असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. १९६२ च्या गुड फ्रायडेला बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना सायलोसायबिन दिले, निम्म्यांना तुलनेसाठी निकोटिनिक आम्ल. पहिल्या गटातल्या बहुतेकांनी गूढानुभवाच्या खुणा सांगितल्या. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने अधिक काटेकोर प्रयोग केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश सहभागींनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाचांमध्ये बसवला. अनुभव कशातून आला यावरून त्याची प्रत ठरत नाही, हे तत्त्वज्ञ डब्ल्यू. टी. स्टेस यांचे मत मला मान्य आहे. पतंजलींनीही योगसूत्रांतल्या कैवल्यपादाच्या आरंभीच सिद्धींच्या पाच उगमांत औषधी मोजली आहे, जरी व्यासभाष्याने तिचे उदाहरण दिले आहे ते असुरांच्या घरच्या रसायनाचे. पण मार्श चॅपलमधला एक विद्यार्थी इतका बिथरला की त्याला क्लोरप्रोमाझिन हे शामक टोचावे लागले. मूळ अहवालातून गळलेली ही गोष्ट संशोधक रिक डॉब्लिन यांनी १९९१ मध्ये उजेडात आणली. तो मुलगा सावरला जाऊ शकला, कारण काय दिले आणि किती दिले हे देणारे जाणत होते आणि ते तिथेच हजर होते.

आता २५आय-एनबोम हा रेणू पाहा. रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी फेनेथिलअमाइन कुळातले टू-सी-आय हे द्रव्य घडवले होते. त्याच्या नायट्रोजनवर मेथॉक्सीबेन्झिल गट बसवला की एनबोम तयार होतो. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम यांनी २००३ च्या प्रबंधात हे काम केले, ते सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए रिसेप्टरच्या अभ्यासासाठी. एवढ्या एका जोडणीने रेणू त्या रिसेप्टरला कमालीचा घट्ट बिलगू लागला आणि जी मात्रा मिलिग्रॅमांत मोजावी लागे ती एका मिलिग्रॅमच्याही खाली आली. याच्याच भाऊबंदांपैकी सिम्बी-३६, किरणोत्सारी कार्बन लावून, मेंदूच्या पेट स्कॅनसाठी अतिसूक्ष्म प्रमाणात वापरतात; तेव्हा पाप रेणूत नाही. परंतु बाजारात अशी द्रव्ये नखाएवढ्या शोषक कागदावर विकली जातात, आणि त्यावर मावते ते फारच थोडे. एलएसडीला मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणून ‘कागद’ म्हणजे एलएसडी असा एक कच्चा भरवसा हणजूणसारख्या किनाऱ्यांपासून युरोपातल्या शहरांपर्यंत दशकानुदशके चालत आला होता. एनबोमने तो मोडला, कारण तोही त्याच कागदावर मावतो आणि एलएसडी म्हणूनच विकला गेला. एलएसडी त्या रिसेप्टरला अंशतः चेतवते, एनबोम पुरेपूर. रक्तवाहिन्या आकसतात, अंग तापते, झटके येतात, स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होतात आणि माणसे दगावली आहेत. थेंब कागदावर सारखे पसरले नसतील तर शेजारच्या दोन तुकड्यांची मात्राही एक नसते. अमेरिकेने २०१३ मध्ये त्यावर बंदी घातली, २०१५ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेला. कायदा असा एकेका रेणूचे नाव लिहीत राहतो आणि बनवणारे एखादा अणू बदलून पुढे सरकतात.

न्यायदर्शनात आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले आहे. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. ही व्याख्या मला फार उदार वाटते, कारण ती कुळ विचारत नाही. ओआहाकातल्या माझातेक वैदूंना ती लागू पडते: त्यांच्या हातातले सायलोसायबिनयुक्त कवक पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे. कागद विकणारा मात्र दोन्ही अटींवर नापास होतो. बहुधा त्यालाच ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तर सांगण्यात त्याचे नुकसान असते.

डॉक्टरांची गोळीही आपण शब्दावरच घेतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण त्या शब्दामागे बॅच नंबर आहे, जाब विचारता येईल असा माणूस आहे. एर्लिख द्रावणाने तपासता येते, हा आक्षेप अधिक वजनदार. एलएसडीतल्या इंडोल वलयामुळे द्रावण जांभळे होते, एनबोममध्ये ते वलय नसल्याने होत नाही. अशा चाचणीने जीव वाचू शकतो, आणि ती करणाऱ्याला मी दोष देणार नाही. तो निदान शब्दाकडून अनुमानाकडे वळला. तरी सोबत आणखी काय मिसळले आहे आणि किती, हे जांभळा रंग सांगत नाही. बंदीमुळेच ही भेसळ फोफावते, यातही मोठे तथ्य आहे. पण बंदी उठली आणि वेष्टनावर नाव-वजन खरे छापले, तरी माणसाच्या शरीरात एनबोम काय करतो हे ते विकणाऱ्या कोणी आधी तपासले होते? ते पहिल्यांदा कळले ते विकत घेणाऱ्यांच्या शरीरांतून.

आणि खोटा शब्द जिभेवर विरघळून संपत नाही. मित्र तापलेल्या, झटके येणाऱ्या मुलाला रुग्णालयात आणतात, डॉक्टर विचारतात काय घेतले, आणि ते अगदी प्रामाणिकपणे सांगतात: एलएसडी. लघवीच्या नेहमीच्या चाचण्यांत एनबोम दिसत नाही. त्या रात्री उपचार करणाऱ्यांच्या हातातही विक्रेत्याचाच शब्द उरतो.